रानातली पात आणि कॅन्सरचा रामबाण

मृगाचा पाऊस पडला की सातपुड्याच्या उतारावर कांद्यासारखी हिरवी पात वर येते. तिच्यातली काही ताटात जाते, काही थेट जिवावर उठते. तिथल्या पांढुर्णा-सौंसरच्या रानात हा फरक ओळखावाच लागतो. पण मोबाईलवर फिरणाऱ्या संदेशांना त्याचे सोयरसुतक नाही. त्यांच्या लेखी कांद्यासारखे दिसणारे सगळेच कॅन्सरवर रामबाण.

खायची पात मुसळीची. तिच्याच जातभाईंची कोवळी पाने कोकणात फोडशी म्हणून शिजतात. पांढऱ्या मुसळीचे शास्त्रीय नाव १९५५ मध्ये मुंबईच्या बोरिवलीवरून पडले. पूर्वी कांदा, लसूण आणि मुसळी लिलीच्या एकाच कुळात मोडत. आता मुसळी शतावरीकडे गेली आहे. तिच्या कंदात सॅपोनिन नावाची द्रव्ये असतात, पण लसणाचे गंधकाचे रसायन तिच्यात नाही. म्हणून लसणाचे गुण तिच्या नावावर खपवता येत नाहीत.

रानकांद्याची गोष्टच निराळी. त्यातली द्रव्ये हृदयाच्या ठोक्यांवर घाला घालतात. भूमध्यसागराकाठच्या त्याच्या भावंडापासून उंदरांचे विष बनवत. हीच द्रव्ये प्रयोगशाळेत काचेच्या बशीत कॅन्सरच्या पेशीही मारतात. मारणारच! विष आपले-परके कुठे बघते? कळलावी या विषारी वेलीतले कोल्चिसिन तर पेशींचे विभाजनच थांबवते. कॅन्सरच्या औषधाला याहून वेगळे काय हवे, असे वाटेल. पण ते इतके जहाल की अगदी अल्प मात्रेत, प्रामुख्याने गाउटसारख्या दुखण्यावरच दिले जाते.

राहिला लसूण. अख्ख्या पाकळीत ॲलिन नावाचे द्रव्य आणि त्याला फोडणारे विकर वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. पाकळी ठेचली की दोघे भेटतात आणि उग्र वासाचे ॲलिसिन तयार होते. २००१ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी उंदरांवर पाहिले, की लसूण मायक्रोवेव्हमध्ये मिनिटभर तापवला तर त्याचा कॅन्सररोधक परिणाम नाहीसा होतो. ठेचून दहा मिनिटे तसाच ठेवला आणि मग तापवला तर तो पुरता नाहीसा होत नाही. खलबत्त्यात लसूण कुटून कच्चाच ताटात वाढल्या जाणाऱ्या ठेच्याला ही अडचण कधी आलीच नाही.

माणसांवरचा मोठा पुरावा चीनच्या लिनछू तालुक्यातला. १९९५ मध्ये तिथे ३,३६५ लोकांवर प्रयोग सुरू झाला, निष्कर्ष २०१९ मध्ये छापून आले. सात वर्षांहून अधिक काळ लसणाचा अर्क आणि तेल घेणाऱ्यांत पोटाच्या कॅन्सरचे मृत्यू घटले. नवे रुग्ण मात्र ठामपणे कमी झाले असे म्हणण्याइतका फरक दिसला नाही. उलट पोटातल्या हेलिकोबॅक्टर जंतूवर दिलेल्या दोन आठवड्यांच्या औषधाने नवे रुग्णही घटले. शिवाय लसणाच्या त्या कॅप्सूल होत्या, फोडणीतल्या चार पाकळ्या नव्हेत.

रामबाण बाजूला ठेवून आता कारणाकडे वळू. पांढुर्णा-सौंसरहून मोठ्या दवाखान्याची वाट नागपूरला जाते. तिथल्या राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालयात तोंडाच्या कॅन्सरचे रुग्णही येतात, आणि विदर्भात त्याचे नाव निघाले की पाठोपाठ खर्ऱ्याचे निघते. खर्ऱ्यात तंबाखू, चुना आणि सुपारी. यातली सुपारी लोक निरुपद्रवी समजतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्येच तिला, तंबाखू नसतानाही, कॅन्सरकारक ठरवले आहे.