डायगॉक्सिन : लहान गोळी, मोठी दक्षता

हृदयाच्या अनियमित ठोक्यांवर आज अनेक नवी औषधे उपलब्ध आहेत. तरीही डायगॉक्सिन ही जुनी गोळी कित्येक ज्येष्ठांच्या औषधांच्या डब्यात आजही आढळते. ती गुणकारी आहे. मात्र तिची उपयुक्त मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर फार थोडे असते. म्हणूनच घेणाऱ्याने आणि देणाऱ्याने तिचा स्वभाव जाणून घ्यायला हवा.

ही गोळी काय करते?

एट्रिअल फिब्रिलेशन या विकारात हृदयाचे वरचे कप्पे लयीत आकुंचन न पावता नुसते थरथरत राहतात. त्यांचे विस्कळीत संदेश खालच्या कप्प्यांपर्यंत पोहोचतात आणि नाडी वेगाने, वेडीवाकडी धावू लागते. धडधड, धाप आणि थकवा जाणवतो. वार्धक्य, उच्च रक्तदाब, थायरॉइडचे विकार, तसेच लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने खराब झालेली झडप ही त्याची प्रमुख कारणे होत.

डायगॉक्सिन वरून खाली जाणारे संदेश रोखून वेग आवरते आणि हृदयाच्या आकुंचनास थोडे बळ देते. ते लय पूर्ववत करीत नाही आणि रक्ताची गुठळीही टाळत नाही. म्हणून नाडी शांत झाली, तरी रक्त पातळ ठेवणारी गोळी परस्पर बंद करू नये. पक्षाघाताचा धोका तसाच राहतो.

परसातली नातलग

या औषधाचे मूळ वनस्पतीत आहे. विल्यम विदरिंग या इंग्रज वैद्याने 1785 मध्ये फॉक्सग्लोव्ह या फुलझाडाच्या औषधी उपयोगांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. डायगॉक्सिन 1930 मध्ये त्याच कुळातील दुसऱ्या झाडापासून वेगळे काढण्यात आले. आपल्या कोकणातील कण्हेर आणि पिवळी कण्हेर, म्हणजेच बिट्टी, यांतही हृदयावर अशीच क्रिया करणारी द्रव्ये असतात. त्यांचे प्रमाण मोजता येत नाही, म्हणून ती घातक ठरतात. या झाडांचा काढा कोणी सुचवला, तरी कदापि घेऊ नये.

धोका केव्हा वाढतो?

डायगॉक्सिन मुख्यतः मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. वयाबरोबर मूत्रपिंडाची क्षमता घटते आणि तीच मात्रा शरीरात साचू लागते. जुलाब, उलट्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांमुळे रक्तातील पोटॅशियम कमी झाले, तर औषधाची विषारी क्रिया वाढते. वैशाखातील उकाड्यात घाम फार येऊन आणि पाणी कमी पिऊन मूत्रपिंडावर ताण पडतो, हेही ध्यानात असावे. पोटॅशियमसाठी स्वतःच्या मनाने शहाळी सुरू करू नयेत. मूत्रपिंड अशक्त असल्यास पोटॅशियम अतिरिक्त वाढणेही तितकेच धोक्याचे असते. एमिओडेरोन, व्हेरापामिल, क्लॅरिथ्रोमायसिन यांसारख्या औषधांनीही डायगॉक्सिनची रक्तातील पातळी वाढते.

आणखी एक गोष्ट. आई-वडील रत्नागिरीत, मुले मुंबईत आणि डॉक्टर दोन्हीकडे, अशी आपल्याकडे अनेक घरांची स्थिती आहे. एका चिठ्ठीवर डायगॉक्सिन आणि दुसऱ्या चिठ्ठीवर लॅनॉक्सिन लिहिलेले असेल, तर ते एकच औषध आहे! दोन्ही गोळ्या घेतल्यास मात्रा दुप्पट होते.

ही लक्षणे ओळखा

अन्नावरची वासना जाणे, मळमळ, उलट्या, कमालीचा थकवा, दृष्टी धूसर होणे, वस्तू पिवळसर दिसणे, ज्येष्ठांमध्ये एकाएकी गोंधळलेपण. यांना ‘वयाचा दोष’ समजून स्वस्थ बसू नये. पुढची गोळी देण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. भोवळ येऊन पडल्यास किंवा शुद्ध हरपल्यास रुग्णालय तत्काळ गाठावे.

घरातील शिस्त

- गोळी रोज ठरावीक वेळी द्यावी. काही डॉक्टर आठवड्यातून पाचच दिवस देतात. ते दिवस कॅलेंडरवर खुणावून ठेवावेत.
- गोळीपूर्वी नाडी पूर्ण एक मिनिट मोजावी. ठोके अनियमित असताना पंधरा सेकंद मोजून चारने गुणणे फसवे ठरते. नाडी साठच्या खाली असल्यास गोळी देण्याआधी डॉक्टरांशी बोलावे.
- एखादी गोळी चुकल्यास दुसऱ्या दिवशी दोन देऊ नयेत.
- क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि आवश्यक तेव्हा औषधाची रक्तातील पातळी तपासून घ्यावी. पातळीसाठीचे रक्त गोळीनंतर किमान सहा तासांनी द्यावे.
- सर्व औषधांची एकच यादी करून प्रत्येक डॉक्टरांना दाखवावी.

डायगॉक्सिनला भिऊन ते मध्येच सोडणे हेही अहिताचेच. वेग पुन्हा उसळतो. एक घड्याळ, एक वही आणि दररोजचे एक मिनिट एवढे आपण दिलेत, तर ही जुनी गोळी आपल्या ज्येष्ठांची निष्ठेने सेवा करील.