ऑक्टोपस टाकीतून निसटतो कसा?

ऑक्टोपसच्या अंगात हाड नावालाही नसते. कडक असते ती चोच. ती ज्या फटीतून जाईल, तिथून भिजल्या फडक्यासारखे बाकीचे शरीरही पिळून निघते. न्यूझीलंडमधील नेपियरच्या मत्स्यालयातला ‘इंकी’ झाकण किंचित उघडे राहताच बाहेर पडला आणि सांडपाण्याच्या नळीतून थेट समुद्रात गेला. ही बातमी २०१६ मध्ये जगभर गाजली. मग झाकणाला कुलूप लावले की झाले, असे कुणी म्हणेल. पण घरी पाळायचे तर खरी अडचण पाण्याची आहे. खेकड्यांवर ताव मारणारा हा प्राणी भरपूर अमोनिया सोडतो, आणि तो पचवणारे जिवाणू गाळणीत कित्येक आठवडे आधीपासून वाढवावे लागतात. त्यात आयुष्य बहुधा एक-दोन वर्षांचे. एवढ्यासाठी त्याला घरात कोंडणे मला अन्यायाचेच वाटते. पाण्यात आणखी एक धोका आहे, तांब्याचा. ऑक्टोपसच्या निळ्या रक्तात प्राणवायू वाहून नेते ते तांबे असलेले प्रथिन. तरीही माशांच्या औषधातून पाण्यात उतरलेले थोडेसे तांबे त्याचा जीव घेऊ शकते.