हयातीच्या दाखल्याची दहा वर्षे

निवृत्तिवेतन घेणारी व्यक्ती जिवंत आहे, याची वर्षातून एकदा दिली जाणारी खात्री म्हणजे हयातीचा दाखला. निवृत्तिवेतन हयातीपुरते असते. धारकाच्या मृत्यूनंतर ते थांबते किंवा जोडीदाराच्या नावे कुटुंब निवृत्तिवेतन सुरू होते. मृत्यूची खबर कार्यालयाला आपोआप मिळत नाही, म्हणून जिवंत असल्याचे सांगण्याची जबाबदारी धारकावरच येते. केंद्र सरकारच्या आणि महाराष्ट्र शासनाच्या निवृत्तांसाठी हे काम नोव्हेंबरात करायचे असते. दाखला पोहोचला नाही, तर पैसे रोखले जातात. पोहोचल्यावर थकबाकीसह पुन्हा सुरू होतात. मधल्या महिन्यांत औषधे आणि किराणा कशातून आणायचा, हा प्रश्न मात्र त्या घरापुढे उभा राहतो. ही खात्री ऑनलाइन देण्याची सोय 2014 मध्ये झाली. तेव्हापासूनच्या दशकभरात तिने अनेकांची पायपीट वाचवली आणि अनेकांना नव्या अडचणीतही टाकले.

कागदी दाखल्याचा काळ

ऑनलाइन सोय येण्यापूर्वी सारा व्यवहार सही आणि ओळखीवर चाले. महाराष्ट्रात कोषागार कार्यालयाकडून बँकांच्या शाखांना निवृत्तांच्या याद्या जात. निवृत्त कर्मचारी शाखेत जाऊन आपल्या नावापुढे सही करत किंवा अंगठा उठवत. परदेशी मुलांकडे राहणाऱ्यांना भारतीय वकिलातीतील अधिकाऱ्याच्या किंवा नोटरीच्या सहीचा दाखला पाठवावा लागे.

या पद्धतीत माणूस माणसाला ओळखत असे. दरमहा काउंटरवर दिसणाऱ्या शिक्षकाला किंवा तलाठ्याला जिवंत ठरवण्यासाठी बँकेतल्या कारकुनाला यंत्र लागत नव्हते. मात्र अंथरुणाला खिळलेल्याला शाखेपर्यंत नेणे कठीण होते, नोव्हेंबरात रांगा लागत आणि कागद गहाळ झाला तर निवृत्तिवेतन अडकून पडे.

आधार आणि जीवन प्रमाण

ऑनलाइन ओळखीचा पाया आधार क्रमांकाने घातला. देशातील पहिले आधार क्रमांक 29 सप्टेंबर 2010 रोजी महाराष्ट्रातील नंदुरबार जिल्ह्याच्या टेंभली या आदिवासी गावात देण्यात आले. दहा बोटांचे ठसे, दोन्ही डोळ्यांच्या बुबुळांची प्रतिमा आणि चेहऱ्याचे छायाचित्र एका बारा अंकी क्रमांकाशी जोडले गेले. त्याच्या आधारे 10 नोव्हेंबर 2014 रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी ‘जीवन प्रमाण’ ही डिजिटल हयात दाखल्याची सेवा सुरू केली.

तिची रीत अशी : आधार क्रमांक, निवृत्तिवेतन प्रदान आदेशाचा म्हणजे पीपीओचा क्रमांक, बँक खाते आणि मोबाइल क्रमांक भरायचा, मोबाइलवर आलेला ओटीपी द्यायचा, मग बोट किंवा बुबूळ यंत्रासमोर धरायचे. आधारच्या नोंदीशी जुळणी झाली की दाखला तयार होतो आणि निवृत्तिवेतन देणाऱ्या यंत्रणेला तो ऑनलाइन उपलब्ध होतो. यंत्र घरी असेल तर घरून, नसेल तर बँकेत किंवा सामायिक सुविधा केंद्रात हे काम करता येते. पुनर्विवाह केलेल्या किंवा पुन्हा नोकरीत लागलेल्या धारकांना मात्र या सोयीतून वगळण्यात आले. त्यांच्यासाठी कागदी मार्गच राहिला.

अडचण कुठे आली

पहिली अडचण नोंदींची होती. सेवापुस्तकातले नाव एका पद्धतीने लिहिलेले, आधारवरचे दुसऱ्या. कुठे आडनाव आधी, कुठे वडिलांचे नाव गाळलेले, कुठे पत्नीचे माहेरचे नाव तसेच राहिलेले. जन्मतारखेत एका अंकाचा फरक असला, तरी ती व्यक्ती दोन नोंदींत दोन माणसे ठरू शकते. चाळीस वर्षांपूर्वी कुणा कारकुनाने केलेली चूक सुधारण्यासाठी सत्तरी ओलांडलेल्या माणसाला कार्यालयांच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.

दुसरी अडचण शरीराचीच होती. वय वाढते तशी त्वचा कोरडी आणि पातळ होते, बोटांवरच्या रेषा पुसट होतात. शेतीत, वीटभट्टीवर किंवा धुण्याभांड्यांत हयात गेलेल्या हातांवरच्या रेषा तर आधीच झिजलेल्या असतात. कुष्ठरोगाने बोटे गमावलेल्यांकडे द्यायला ठसाच नसतो. बुबुळाचा पर्याय होता, पण त्याची यंत्रे मोजक्या ठिकाणी होती आणि मोतीबिंदू किंवा डोळ्यांचे इतर विकार असलेल्यांना तिथेही अडथळा येई. ‘अंगठा लागत नाही’ हे वाक्य गावोगावच्या सेवा केंद्रांत रोजचे झाले. ज्यांना वयामुळे निवृत्तिवेतन मिळते, त्यांच्या हातून वयानेच ठसे हिरावून घेतले होते.

तिसरी अडचण मोबाइलची. ओटीपी ज्या क्रमांकावर जातो, तो कित्येकदा मुलाचा किंवा बंद पडलेला असतो. त्यात डोंगराळ भागातले कमकुवत नेटवर्क आणि नोव्हेंबरच्या गर्दीत मंदावणारा सर्व्हर यांची भर पडते. एवढ्यासाठी फेरी मारण्याचा खर्च प्रत्येकाला सारखा पेलत नाही. कर्मचारी निवृत्तिवेतन योजना 1995 खालील किमान निवृत्तिवेतन सप्टेंबर 2014 पासून दरमहा 1,000 रुपये ठरले. राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रमातील वृद्धांसाठी केंद्राचा वाटा 79 वर्षांपर्यंत 200 रुपये आणि 80 नंतर 500 रुपये आहे. इतक्या कमी रकमेतून तालुक्याच्या गावी दोन-तीन फेऱ्यांचे भाडे गेले, तर हाती काय उरणार?

हक्काचा प्रश्न न्यायालयात

निवृत्तिवेतन ही सरकारची मेहेरबानी नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डी. एस. नकारा खटल्यात 17 डिसेंबर 1982 रोजी ठळकपणे सांगितले होते. सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड त्या घटनापीठाचे प्रमुख होते. 17 डिसेंबर हा दिवस आजही निवृत्तिवेतनधारक दिन म्हणून पाळला जातो. 2016 च्या आधार कायद्यानंतर हाच मुद्दा नव्या रूपात पुढे आला. या कायद्याच्या कलम 7 ने सरकारी तिजोरीतून मिळणाऱ्या अनुदानांसाठी आणि लाभांसाठी आधारची अट घालण्याची मुभा दिली होती.

या कायद्याला आव्हान देणाऱ्या याचिकांवर सर्वोच्च न्यायालयात मार्च 2018 मध्ये झालेल्या सुनावणीदरम्यान आधार प्राधिकरणाचे मुख्य कार्यकारी अधिकारी अजय भूषण पांडे यांनी दिलेल्या आकडेवारीनुसार सरकारी सेवांमधील पडताळणी 88 टक्के वेळा यशस्वी होत होती. म्हणजे शंभरातल्या बारा वेळा ती फसत होती. 26 सप्टेंबर 2018 च्या निकालात न्यायालयाने बहुमताने कलम 7 कायम ठेवले. पण त्याबरोबरच, कर्मचाऱ्याने सेवेतून कमावलेले निवृत्तिवेतन हा त्याचा हक्क असल्याने ते या कलमाखाली येत नाही, असा खुलासा केला. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी भिन्नमत नोंदवताना, पडताळणी फसल्याने गरीब लाभापासून वंचित राहतात, याकडे लक्ष वेधले. पुढे मार्च 2021 मध्ये केंद्र सरकारने जीवन प्रमाणसाठी आधार ऐच्छिक असल्याची अधिसूचना काढली. त्यामुळे आधार नसलेल्यासाठी किंवा ते जुळत नसलेल्यासाठी दुसरा मार्ग ठेवणे, हे यंत्रणेचे काम ठरले.

साथ, पोस्टमन आणि चेहरा

2020 मध्ये करोनाच्या साथीने जुन्या आणि नव्या दोन्ही पद्धतींची परीक्षा घेतली. वृद्धांनी बाहेर पडणे धोक्याचे होते आणि अनेकांनी बोटे टेकवलेल्या यंत्राला हात लावणेही. दाखल्याची मुदत फेब्रुवारी 2021 अखेरपर्यंत वाढवावी लागली. नोव्हेंबर 2020 मध्ये इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेने घरपोच दाखल्याची सेवा सुरू केली. पोस्टमन किंवा ग्रामीण डाकसेवक यंत्र घेऊन दारात येऊ लागला. त्याच्या यंत्रावरही ठसा लागेलच याची हमी नव्हती, पण फेरी वाचली आणि सोबत एक ओळखीचा माणूस आला.

ठशांच्या प्रश्नावर खरा उतारा 29 नोव्हेंबर 2021 रोजी आला. केंद्रीय राज्यमंत्री जितेंद्र सिंह यांच्या हस्ते चेहऱ्यावरून दाखला देण्याची सोय सुरू झाली. साध्या अँड्रॉइड फोनच्या कॅमेऱ्यासमोर पापण्या मिटून उघडल्या की जुळणी होते, वेगळे यंत्र लागत नाही. जुलै 2022 मध्ये कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटनेनेही ही सोय आपल्या निवृत्तांना दिली. यात पुरेसा उजेड लागतो, फोन चालवणारे कुणी जवळ असावे लागते आणि आधारवरचे छायाचित्र फार जुने असेल तर जुळणी अडू शकते. तरी रेषा पुसलेल्या हातांना दार उघडले.

स्पर्शचा धडा

संरक्षण दलांच्या निवृत्तांसाठी उभारलेल्या ‘स्पर्श’ या ऑनलाइन प्रणालीत 2022 मध्ये मोठा खोळंबा झाला. बँकांकडून या प्रणालीत आलेल्या धारकांपैकी 58,275 जणांच्या वार्षिक ओळखीची खात्री महिनाअखेरपर्यंत झाली नाही आणि त्यांचे एप्रिलचे निवृत्तिवेतन खात्यात पडले नाही. मे महिन्याच्या सुरुवातीला सरकारने एकदाची विशेष सवलत देऊन ते जमा केले. सातारा, सांगली, कोल्हापूर या जिल्ह्यांत माजी सैनिकांची घरे मोठ्या संख्येने आहेत. साताऱ्याजवळचे एक गाव तर ‘अपशिंगे मिलिटरी’ याच नावाने ओळखले जाते. अशा घरांना अशा खोळंब्याची झळ थेट बसते. आधी पैसे थांबवायचे आणि मग चौकशी करायची, हा क्रम उलटा करता येतो, हे त्या सवलतीने दाखवून दिले.

मोहिमा आणि उरलेले प्रश्न

नोव्हेंबर 2022 मध्ये केंद्राच्या निवृत्तिवेतन विभागाने 37 शहरांत दाखल्यांची मोहीम राबवली. 2023 मध्ये ती 100 शहरांत आणि 2024 मध्ये 800 शहरांत नेली. बँका, पोस्ट आणि निवृत्तांच्या संघटना यांनी शिबिरे घेतली, आजारी धारकांच्या घरी आणि रुग्णालयांतही माणसे गेली. दरवर्षी एक कोटीहून अधिक डिजिटल दाखले निघाले. 80 वर्षांपुढच्यांना ऑक्टोबरपासूनच दाखला देण्याची मुभा 2019 मध्येच मिळाली होती. भविष्य निर्वाह निधीच्या निवृत्तांना तर 2020 पासून वर्षात कधीही दाखला देता येतो आणि तो तेव्हापासून वर्षभर चालतो.

तरी काही प्रश्न उरले आहेत. परदेशातल्या ज्येष्ठांकडे आधार नसेल, तर त्यांना वकिलातीचाच आधार. दाखल्याच्या नावाखाली फोन करून पीपीओ क्रमांक आणि ओटीपी काढून घेणारे भामटे सक्रिय झाले आहेत. महाराष्ट्रातील संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ योजनांतील लाभार्थ्यांनाही हयातीचा पुरावा द्यावा लागतो, तसाच गोव्यातील दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेत. पण या लाभार्थ्यांपाशी संघटना नाही, बहुधा स्मार्टफोनही नाही.

या दशकातल्या प्रत्येक उपयोगी सुधारणेने आधीच्या मार्गाशेजारी आणखी एक मार्ग उघडला : बोटाशेजारी चेहरा, केंद्राशेजारी पोस्टमन, यंत्राशेजारी कागद. जिथे एकच मार्ग उरला, तिथे यंत्राची चूक म्हाताऱ्या माणसाच्या माथी बसली. यंत्राने ओळखले नाही, तर तो माणूस तिथे नाही असा अर्थ होत नाही. पुढची तपासणी माणसाने करायची आणि ती पूर्ण होईपर्यंत निवृत्तिवेतन चालू ठेवायचे, इतकी तरतूद प्रत्येक योजनेत असणे गरजेचे आहे.