गिफ्टला बांधा हिरड्याचं गाठोडं!

ऑफिसात सीक्रेट सँटाच्या चिठ्ठ्या निघाल्या का? मग यंदा चकचकीत रॅपिंग पेपर विसरा. मुठीत चुरगाळून बघा. लगेच उलगडला, तर त्यात प्लॅस्टिक आहे समजा.

कागदच हवा? मग हातकागद घ्या. आपल्याच जिल्ह्यातला 'जुन्नरी कागद' पेशवाईच्या दफ्तरात असायचा. पुढे गिरणीच्या स्वस्त कागदापुढे तो धंदा बसला. हातकागद जाडसर असतो, म्हणून घडीची रेघ पट्टीनं आधी दाबून घ्या. सेलोटेप नकोच, सुतळी मस्त दिसते.

पण आमचं मत कापडाला! जपानी लोक याला फुरोशिकी म्हणतात, आपण गाठोडं. जुन्या पांढऱ्या सुती ओढणीचा चौकोन कापून धुऊन घ्या. रंगासाठी हिरडा. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरपट्ट्यात, भीमाशंकरच्या बाजूला आदिवासी कुटुंबं तो झाडावरून काढून, वाळवून विकतात. वर्षाची बरीच रोख कमाई त्यावरच. २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात तो झडून गेला आणि भरपाईसाठी त्यांना आंदोलनं करावी लागली. आपल्याला मात्र तो काष्ठौषधींच्या दुकानात सहज मिळतो!

मूठभर हिरडा कुटून रात्रभर भिजवा, उकळा, गाळा. कापड तासभर बुडवलं की फिकट पिवळा रंग येतो. पाण्यात गंजके खिळे टाकलेत, तर राखाडी. (ऑफिसचा शर्ट घालून हा उद्योग नको हं!) वाळलं की गिफ्ट मधोमध ठेवून समोरासमोरची टोकं दोनदा बांधा. गिफ्ट आवडलं नाही, तरी डबा बांधायला कापड उरतंच.