घोडा उगाच बुजत नाही

सुट्टीच्या संध्याकाळी वसई-विरारकडच्या अर्नाळा, राजोडी किंवा सुरुची बागेच्या किनाऱ्यावर घोडा दिसला की मुलं हट्ट धरतात, आणि फेरी होते. बहुतेक वेळा ती सुखरूप होते. पण एखादा घोडा बुजतो, अंग चोरून बाजूला उडी मारतो आणि वरचा माणूस खाली येतो. मग जमलेली माणसं निकाल देतात, ‘द्वाड आहे घोडं, उगाच बुजलं.’

इथूनच गैरसमज सुरू होतात. घोडा हे पळून जीव वाचवणारं जनावर आहे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, म्हणून मान न वळवता त्याला भोवतालचं जवळजवळ ३५० अंशांतलं दिसतं. दिसत नाही ते अगदी नाकापुढचं आणि शेपटीमागचं. पण या विस्तीर्ण नजरेत बारकावा कमी असतो. वाऱ्यावर उडालेली प्लास्टिकची पिशवी आपल्याला पिशवी म्हणून दिसते. त्याला कडेनं काहीतरी झेपावतंय एवढंच कळतं, आणि विचार करत थांबणं त्याच्या स्वभावात नाही. माणसाचा कान साधारण २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकतो, घोड्याचा ३० हजारांच्याही पुढे. म्हणजे आपल्याला न ऐकू येणारे काही आवाज त्याच्या कानावर पडत असतात. लख्ख उन्हातून सावलीत शिरताना त्याचे डोळे आपल्यापेक्षा सावकाश सरावतात. चकाकत्या वाळूवरून सुरूच्या झाडीत वळताना घोडा अडला तर तो हट्ट नव्हे, पुढचं त्याला अजून नीट दिसलेलं नसतं. अशा वेळी काठी मारणाऱ्याचा मला राग येतो.

वरातीतल्या घोडीचंही तेच. झापडं लावली की ती शांत राहते, ही समजूत अर्धीच खरी. झापडांनी कडेचं दिसणं बंद होतं, ऐकणं नाही. बाजूला ढोल-बँजो चालू असताना मागून फटाक्यांची माळ लावली, तर स्फोट कुठे झाला हेही तिला दिसत नाही. नवरदेवाच्या पुढ्यात चिमुकला करवला बसवलेला असतो, त्याला धरायला काहीच नसतं. फटाके लावायचेच असतील तर नवरदेव उतरल्यावर, घोडी लांब नेल्यावर लावा.

‘वाळूत पडलं तर काय होतंय?’ हा प्रश्न किनाऱ्यावर हमखास येतो. आपल्याकडे ओहोटीनंतरची ओली वाळू इतकी घट्ट बसते की लोक तिच्यावरून मोटरसायकली पळवतात. मोठ्या घोड्यावर बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून साधारण अडीच मीटरवर असतं. तेवढ्या उंचीवरून सुटलेलं डोकं पाऊण सेकंदाच्या आत, ताशी सुमारे २५ किलोमीटर वेगानं खाली आपटतं. घोडा चालत होता की दौडत होता, याचा या आकड्याशी संबंध नाही. म्हणून फेरी हळू असली तरी हेल्मेट हवंच, आणि घोडेस्वारीसाठीच बनवलेलं, हनुवटीखाली पट्टा आवळलेलं. त्यानं सगळं वाचतं असंही नाही. ‘सुपरमॅन’ची भूमिका करणारे क्रिस्टोफर रीव्ह १९९५ साली स्पर्धेत घोड्यावरून पडले तेव्हा डोक्यावर हेल्मेट होतं, मोडली ती मान.

पायांकडे तर कुणाचंच लक्ष नसतं. किनाऱ्यावर येणारे आपण बहुतेक चपलांत. चपलेला टाच नसते, त्यामुळे घोड्यानं उडी मारली की पाऊल रिकिबीतून थेट घोट्यापर्यंत आत जातं. माणूस पडतो, पाय अडकलेलाच राहतो, आणि बुजलेला घोडा फरफटत नेतो. साध्या पडण्यापेक्षा हे कितीतरी वाईट. छोटी टाच असलेले बंद बूट घाला आणि रिकिबीत फक्त चवडा टेकवा. तंग, म्हणजे खोगीर आवळणारा पोटाखालचा पट्टा, तोही पाहा. खोगीर कसताना काही घोडी पोट फुगवतात, म्हणून चार पावलं चालल्यावर तो पुन्हा आवळावा लागतो. ढिल्या तंगाचं खोगीर माणसासकट एका अंगाला फिरतं.

घोडा बुजल्यावर आपण जे आपोआप करतो ते नेमकं उलटं असतं. किंचाळतो, पुढे वाकतो, टाचा त्याच्या कुशीत रुततात. टाच म्हणजे त्याच्यासाठी ‘चल’ची खूण. दोन्ही हातांनी लगाम ताणून धरला तर चार-पाचशे किलोचं जनावर त्या ओढीवर मान टाकून पळत राहतं. बैठक मागे टेकवा, टाचा खाली दाबा, लगाम ओढा-सोडा असा खेळवा. मोकळी जागा असेल तर एकाच बाजूचा लगाम हळूहळू आखडून त्याला मोठ्या वर्तुळात वळवा; वर्तुळ लहान होत गेलं की वेग मोडतो. झटका मात्र देऊ नका, घोडाच कोलमडेल. नेरळहून माथेरानला जाणाऱ्या वसई-विरारकरांनी लक्षात ठेवावं की दस्तुरी नाक्यापुढच्या दरीकाठच्या वाटांवर वर्तुळाला जागा नसते. नवख्यानं तिथं घोडेवाल्याला लगाम हातात धरून चालायला सांगावं. घाई कोणाची असते?

सगळ्यात घातक समजूत पडल्यानंतरची: ‘उचला, पाणी पाजा, लगेच परत बसवा, नाहीतर भीती बसेल.’ मान किंवा पाठ दुखत असेल, हातापायांना मुंग्या येत असतील, शुद्ध गेली असेल तर जागचं हलवू नका. श्वास नीट चालू असेल तर हेल्मेटही काढू नका. डोकं हातांनी स्थिर धरून १०८ला फोन करा. तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. उठून बसलेला माणूस तेच तेच विचारतोय, उलटी झाली, डोकं वाढत्या जोरानं दुखतंय, झोपेतून नीट जागा होत नाही, ही मेंदूला मार लागल्याची लक्षणं आहेत आणि ती काही तासांनीही उमटतात. त्या रात्री त्याला एकटं ठेवू नये. भीतीचं पुढच्या महिन्यात बघता येईल.

खरचटलं असेल तर हळद चेपून घरी जाऊ नका. घोड्याच्या लिदीत धनुर्वाताचे जंतू असू शकतात. जखम वाहत्या पाण्यानं आणि साबणानं धुवा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं होतं, ते डॉक्टरांना त्याच दिवशी सांगा.