गार्सियाच्या तोंडचे शब्द
(लेखमाला : बँडमागचे कवी, भाग ६)

मागच्या आठवड्यात ‘प्रोकल हेरम’चा कीथ रीड पाहिला. वाद्याला हात न लावता तो बँडचा सदस्य होता. त्याचा अमेरिकन भाऊबंद म्हणजे ‘ग्रेटफुल डेड’चा रॉबर्ट हंटर. याला वाद्ये येत होती, पुढे त्याने स्वतःचे अल्बमही काढले. पण ‘डेड’मध्ये त्याचे काम फक्त लेखणीचे.

जन्म १९४१, कॅलिफोर्निया. वडील सोडून गेले आणि बालपणाची काही वर्षे परक्यांच्या घरी गेली. १९६१ मध्ये पालो आल्टोत जेरी गार्सियाशी, ‘डेड’च्या भावी गायक-गिटारवादकाशी, गाठ पडली. दोघेही कफल्लक, मुक्काम आपापल्या खटारा गाडीत. हंटरकडे अननसाचे डबे होते आणि गार्सियाकडे प्लास्टिकचे चमचे, जेवण तेवढेच. पुढे हंटर पैसे घेऊन एलएसडीच्या वैद्यकीय प्रयोगांतही बसला. १९६७ मध्ये तो न्यू मेक्सिकोत असताना त्याने काही गीते टपालाने धाडली, ती बँडने उचलली आणि त्याला परत बोलावून घेतले.

सुरुवातीची गीते धूसर, झिंगलेली. १९७० च्या ‘वर्किंगमन्स डेड’ आणि ‘अमेरिकन ब्यूटी’ या अल्बममध्ये मात्र खाणकामगार, जुगारी, इंजिन ड्रायव्हर बोलू लागतात. लिहिणारा जेमतेम एकोणतीस वर्षांचा, पण आवाज आयुष्य भोगून बसलेल्या म्हाताऱ्याचा. गार्सियाच्या किंचित थकलेल्या गळ्याला तो असा बसला, की ऐकणाऱ्याला शब्द गार्सियाचेच वाटत. हंटरची खरी कमाई ही, असे मला वाटते.

दुसऱ्याच्या तोंडी शब्द घालण्याचे हे कसब ‘बॉक्स ऑफ रेन’मध्ये सर्वांत नीट दिसते. बास वाजवणाऱ्या फिल लेशचे वडील कर्करोगाने शेवटच्या दिवसांत होते. लेशने पूर्ण चाल बांधली, नुसते निरर्थक स्वर गात टेप केली आणि हंटरच्या हवाली केली. त्याने ती ऐकून भराभर ओळी लिहून काढल्या. वडिलांना भेटायला गाडीने जाता-येता लेश त्याच ओळी घोकत असे.

अर्थ विचारलेला हंटरला खपत नसे. एकदा मात्र एका अभ्यासकाने ‘फ्रँकलिन्स टॉवर’ या त्याच्या गीताला निरर्थक ठरवले, तेव्हा त्याने ओळीगणिक खुलासा लिहून काढला. चिडला असणार!

लोकप्रियतेच्या यादीत बँडचे गाणे पहिल्या दहांत पोचले ते एकदाच, १९८७ मध्ये, हंटरचेच ‘टच ऑफ ग्रे’. त्याच वर्षी हंटरने केलेला रिल्केच्या ‘दुइनो एलिजीज’चा इंग्रजी अनुवादही प्रसिद्ध झाला. १९९४ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने बँडच्या सदस्यांत त्याचेही नाव घेतले.

१९९५ मध्ये गार्सिया गेला, बँड थांबला. हंटर लिहीत राहिला. बॉब डिलनच्या २००९ च्या ‘टुगेदर थ्रू लाइफ’मध्ये एक गीत सोडले तर सगळीकडे सहलेखक म्हणून त्याचे नाव आहे. शब्दांसाठी डिलनला दुसऱ्याचा हात लागावा, याचेच अनेकांना नवल वाटले. सप्टेंबर २०१९ मध्ये हंटर वारला.

पुढील आठवड्यात ‘रश’चा नील पिअर्ट, ड्रम वाजवता वाजवता गीते लिहिणारा.