बँडसॉचे टायर

बँडसॉचे टायर हे लाकूड कापणाऱ्या बँडसॉ (पट्टा करवत) या यंत्राच्या चाकांच्या कडेवर बसवलेले रबराचे किंवा पॉलियुरेथेनचे पट्टे होत. करवतीचे पाते धातूच्या चाकावरून न फिरता या पट्ट्यांवरून फिरते. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव असते, तसेच यांचे स्थान आहे. मात्र धाव चाकाचे रक्षण करते, तर बँडसॉचा टायर मुख्यतः पात्याचे रक्षण करतो. झिजलेले टायर बदलताना चाकाचे माप, टायरची जाडी, तो बसवण्याची पद्धत, त्याचे द्रव्य आणि परिसराचे हवामान यांचा विचार करावा लागतो.

रचना व कार्य

बँडसॉमध्ये एकाखाली एक अशी दोन चाके असतात व त्यांभोवती पोलादी पात्याचे अखंड वेटोळे फिरते. खालचे चाक मोटरवर चालते. वरचे चाक वरखाली सरकवून पात्याला ताण देता येतो. काही लहान यंत्रांत तीन चाके असतात. अशा यंत्राची कल्पना इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच मांडली गेली होती. परंतु चाकांवरून सतत वाकणारे पाते जोडापाशी तुटत असे. फ्रान्समधील अ‍ॅन पॉलिन क्रेपँ यांनी १८४६ मध्ये पात्याची टोके जोडण्याच्या पद्धतीचे एकस्व घेतले आणि त्यानंतर हे यंत्र व्यवहारात आले.

पात्याचे दात आळीपाळीने डाव्या व उजव्या बाजूंना किंचित वळवलेले असतात. ते धातूच्या चाकावर दाबले गेल्यास त्यांचा वळसा मोडतो व धार बोथट होते. टायर मऊ असल्याने हे टळते. त्याखेरीज टायर पात्याला पकड देतो आणि कंप शोषून घेतो.

बऱ्याच यंत्रांत टायरचा पृष्ठभाग मध्यभागी किंचित फुगीर असतो. पिठाच्या गिरणीतील चपटा पट्टा फुगीर कप्पीच्या मध्यभागाकडे सरकतो व तेथेच टिकतो. पातेही याच तत्त्वाने चाकावर मध्यभागी राहते. हा फुगवटा झिजला, तर पाते पुढेमागे भटकू लागते आणि प्रसंगी चाकावरून उतरते.

लाकडाच्या वखारीतील ओंडके फाडणाऱ्या मोठ्या बँडसॉमध्ये पाते रुंद असते व त्याचे दात चाकाच्या कडेबाहेर राहतात. त्यामुळे अशा यंत्रांची चाके बहुधा टायरविना, उघड्या धातूचीच असतात. टायरचा प्रश्न प्रामुख्याने सुतारकामातील अरुंद पात्याच्या यंत्रांपुरता येतो.

टायर झिजल्याची लक्षणे

पृष्ठभागावर भेगा पडणे, पात्याच्या वाटेवर चर पडणे, तुकडे निघणे, कड चाकापासून सुटणे ही उघड लक्षणे होत. नख दाबल्यावर रबर मुळीच दबत नसेल, तर ते कडक झाले आहे असे समजावे. यंत्र चालताना ठरावीक अंतराने ठोका ऐकू आला, तर त्याचे कारण टायरमध्ये आहे की पात्याच्या जोडात, हे ठोक्याच्या वेगावरून कळते. पात्याची लांबी चाकाच्या परिघाच्या दुपटीहून अधिक असल्याने दोन चाकांच्या यंत्रात पात्याची एक फेरी पूर्ण होईपर्यंत चाकाच्या दोनांहून अधिक फेऱ्या होतात. म्हणून चाकावरील दोषाचा ठोका जलद, तर पात्याच्या जोडाचा ठोका संथ असतो.

माप घेणे

यंत्रावर लिहिलेला चौदा इंची किंवा अठरा इंची हा आकडा केवळ नाममात्र असू शकतो. त्यामुळे जुना टायर काढून उघड्या चाकाचेच माप घेणे आवश्यक असते. चाकाच्या कडेभोवती न ताणणारी दोरी गुंडाळून परिघ मोजावा व त्याला ३.१४१६ ने भागावे. उदाहरणार्थ, परिघ १,१०० मिमी भरल्यास व्यास सुमारे ३५० मिमी येतो. याबरोबर कडेची रुंदी, तिच्यावर खाच आहे की ती सपाट आहे आणि धातूलाच फुगवटा आहे की नाही, हेही नोंदवावे.

टायरची जाडी मूळ जाडीएवढीच ठेवणे श्रेयस्कर असते. दोन्ही टायर १ मिमीने जाड झाल्यास प्रत्येक चाकाचा व्यास २ मिमीने वाढतो. चाकांमधील अंतर तेच राहिले, तर पाते सुमारे ६.३ मिमी अधिक लांब लागते. जुनेच पाते वापरायचे असल्यास वरचे चाक सुमारे ३ मिमी खाली आणावे लागते. ताण देणाऱ्या स्क्रूला तेवढी जागा नसेल, तर नव्या टायरवर जुनी पाती चढतच नाहीत. दोन्ही चाकांचे टायर एकाच वेळी व एकाच प्रकारचे बदलावेत.

बसवण्याचे प्रकार

काही टायर परिघाने चाकापेक्षा थोडे लहान असतात व ताणून बसवले जातात. पॉलियुरेथेनचे टायर त्यासाठी गरम पाण्यात ठेवून मऊ करतात. खाच असलेल्या चाकावर ते बहुधा गोंदाशिवाय टिकतात. सपाट कडेवरील रबरी टायर गोंदाने चिकटवतात. गोंदाचा थर असमान झाल्यास चाकाचा तोल बिघडतो.

चाकाच्या धातूला फुगवटा असेल, तर समान जाडीचा टायर तोच आकार धारण करतो. धातू सपाट असेल आणि मूळ टायर फुगीर असेल, तर फुगवटा असलेला टायर घ्यावा लागतो किंवा बसवल्यावर पॉलिश पेपरने घासून तो आकार द्यावा लागतो. काही चाकांवर रबर उष्णतेने धातूशी एकजीव केलेले असते. असा टायर सुटा मिळत नाही. तो घासून समतल करावा लागतो किंवा चाकावर रबर चढवून देणाऱ्या कारखान्यात नव्याने करून घ्यावा लागतो.

द्रव्य व किनारी हवामान

नैसर्गिक रबराची पकड चांगली असते. परंतु ताणलेल्या स्थितीत हवेतील ओझोनमुळे त्याला भेगा पडतात. तेल व रॉकेल यांनी ते फुगते. पॉलियुरेथेन झीज व तेल यांना अधिक टिकते. मात्र त्याचे दोन मुख्य वर्ग आहेत. पॉलिएस्टर वर्गातील पॉलियुरेथेनचे दमट व उष्ण हवेत पाण्याच्या अंशाने विघटन होते. ते आधी चिकट होते व नंतर भुगा होऊन सुटते. पॉलिइथर वर्गातील पॉलियुरेथेन या विघटनाला बराच प्रतिकार करते.

कोकण किनाऱ्यावर हा भेद महत्त्वाचा ठरतो. रायगड जिल्ह्याच्या श्रीवर्धन तालुक्यातील हरिहरेश्वर हे गाव सावित्री नदीच्या मुखाजवळ, समुद्रालगत वसलेले आहे. अशा ठिकाणी उन्हाळ्यातील उष्मा, जून ते सप्टेंबरमधील दमटपणा आणि वर्षभराची खारी हवा यांचा यंत्रावर एकत्रित परिणाम होतो. तेथे पॉलियुरेथेनचा टायर घेताना तो पॉलिइथर वर्गातील असल्याची विक्रेत्याकडून खात्री करून घेणे इष्ट असते. खाऱ्या हवेने बिडाच्या चाकावर चढणारा गंज टायरखाली पसरला, तर गोंद सुटतो. म्हणून नवा टायर बसवण्यापूर्वी कड घासून गंज पूर्णपणे काढावा लागतो.

किनाऱ्यावरील आंबा, फणस यांसारख्या झाडांचे ओले लाकूडही टायरवर परिणाम करते. विशेषतः फणसाचा चीक व ओला भुसा मिळून टायरवर गाठी जमतात आणि पाते उडू लागते.

बदलताना व नंतरची काळजी

काम सुरू करण्यापूर्वी यंत्राचा प्लग काढून ठेवावा. केवळ बटण बंद करणे पुरेसे नसते. टायर बसवल्यावर व पाते चढवल्यावर वरचे चाक हाताने फिरवून पाते मध्यभागी राहते का ते पाहावे व मगच वीज जोडावी. टायरवर जमलेला भुसा ताठ ब्रशने काढावा. रबरी टायरसाठी रॉकेल वापरू नये. यंत्र काही दिवस बंद राहणार असेल, तर पात्याचा ताण सैल करावा. तसे न केल्यास टायरवर एकाच जागी दाब राहून तेथे खळगा पडतो आणि चांगला निवडलेला टायरही लवकर निकामी होतो.